एकतीस डब्या, एक रेनकोट

सकाळी ६.४०

ओट्यावर चार डबे ओळीने मांडलेत. एरवी त्यांत शेंगदाणे, साबुदाणा, पोहे आणि रवा असतो. आज प्रत्येकाच्या तळाशी एक वाटी आहे, वाटीत मीठ आणि मिठावर चमचाभर पाणी. पाणी इतकंच घालायचं की मीठ ओल्या वाळूसारखं व्हावं, विरघळू नये. वाटीभोवती आठ-आठ पांढऱ्या डब्या, काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या. रात्री दहाला झाकणं घट्ट लावली आणि झोपलो. आता झाकण न उघडता आकडे वाचायचे. वायर नसल्याचा पहिला फायदा इथेच होतो, डबी बंद डब्यातूनच बोलते. डबे मात्र प्लॅस्टिकचे हवेत. स्टीलच्या डब्यातून सिग्नल बाहेर येत नाही. हे वाक्य दुपारी पुन्हा लागणार आहे.

मिठाच्या अशा ओल्या लगद्यावर कोंडलेली हवा २५ अंशांना ७५ टक्के आर्द्रता धरून बसते. मीठ महागाचं असो की रेशनचं, आणि तापमान दोन-चार अंश इकडेतिकडे असलं तरी हा आकडा जवळजवळ हलत नाही. आर्द्रतेचा सेन्सर खरं बोलतो का, हे तपासायला यापेक्षा स्वस्त साक्षीदार मिळायचा नाही. एकतीस डब्यांचे आकडे ७३ ते ७७ च्या आत आले, एवढा फरक चालतो. एक डबी मात्र ८१ वर अडून बसली होती. तिच्यावर लाल टिकली लावली आणि तिला बाजूला काढलं. बत्तीस मागवल्या होत्या त्या याचसाठी.

"अहो, साबुदाणा डब्यात परत कधी जाणार? उद्या संकष्टी आहे."

डबे धुऊन ठेवले. दोनदा धुतले, कारण मागच्या वेळी पोहे खारट लागले होते.

७.३०

रावळपाड्यातून रिक्षा. जुलैचा तिसरा आठवडा आहे, पाऊस रात्रीपासून धरलेला आणि हायवेवर चेकनाक्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग नेहमीसारखीच. माझ्या मदतनिसाचा फोन आला: "दादा, नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी आलंय. गाड्या चालू आहेत, पण रखडत. दहिसरला साडेनऊ होतील." म्हणजे शिडी मलाच उचलावी लागणार.

काम असं आहे. दहिसर पूर्वेला हायवेच्या आसपास एक पाच मजली ऑफिस-इमारत. प्रत्येक मजल्यावर सहा डब्या आणि गच्चीत बाहेरच्या हवेसाठी एक, अशा एकतीस. प्रत्येक डबी तापमान, आर्द्रता आणि सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, मोजते. त्यांतल्या सहा डब्या धूळही मोजतात. दर दहा मिनिटांनी एक आकडा, म्हणजे एका डबीचे दिवसाला १४४. काम का निघालं? लोक तक्रार करतात. दुपारनंतर डोकं जड होतं, काहींना थंडी वाजते, काहींना गुदमरल्यासारखं वाटतं, आणि गालिच्याला कुबट वास येतो. व्यवस्थापनाचं म्हणणं, आधी मोजा, मग बोला.

८.०५

गेटवर रजिस्टर, गेटपास, सामानाची यादी. ड्रिल १, शिडी १, लॅपटॉप १, "पांढऱ्या डब्या, नग ३१". वॉचमन काका सावंतवाडीकडचे. त्यांनी एक डबी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"ह्यां काय करतला?"

"हवा मोजणार, काका."

"हवा मोजूक मशीन कित्याक व्हयी? तिसऱ्या माळ्यार जावा आणि वास घेवा."

हसलो, पण वहीत तिसऱ्या मजल्याभोवती गोल केला. पंधरा वर्षांत एक शिकलोय. इमारतीचा कागदावरचा नकाशा आर्किटेक्टकडे असतो, चालू नकाशा वॉचमनकडे आणि झाडलोट करणाऱ्या बायकांकडे. कुठली भिंत पावसात ओली होते, कुठल्या केबिनचा एसी टपकतो, कुठल्या खिडकीला कागद कोंबलाय, हे त्यांना न मोजता ठाऊक असतं. मग आम्ही तेच मोजतो आणि त्याचे पैसे घेतो.

८.३०

गच्ची. पाण्याच्या टाकीखाली कोरडी जागा आहे, तिथे एकतीस डब्या पसरल्या. इथे त्यांना सीओटूचा धडा द्यायचा. मोकळी हवा म्हणजे काय हे एकदा दाखवायचं आणि त्या आकड्यावर त्यांची सुई बसवायची. १९५८ मध्ये हवाई बेटांवर मौना लोआच्या डोंगरावर ही मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेत सीओटू दहा लाख भागांत ३१५ भाग होता. आज ४२० च्या वर आहे, आणि हायवेशेजारी सकाळी आणखी थोडा जास्त. माझ्या हातातला तपासलेला मीटर ४३१ दाखवत होता. डब्यांना ४३१ शिकवलं.

हे दहा मिनिटांचं काम घाईत केलं की काय होतं, ते मी स्वतः भोगलंय. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका इमारतीत पाऊस होता म्हणून गच्चीत न जाता पार्किंगच्या उतारावर डब्या पसरल्या. शेजारी जनरेटर, समोर गाड्या चालू. तिथली हवा ७०० च्या आसपास असणार आणि मी डब्यांना सांगितलं की हीच मोकळी हवा. पुढचे तीन आठवडे ती इमारत कागदावर महाबळेश्वर होती. खच्चून भरलेल्या खोलीत ८०० चा आकडा, आणि लोक मात्र जांभया देत होते. शेवटी एका ट्रेनी मुलीने विचारलं, "सर, रात्री आकडा २०० च्या खाली कसा जातो?" पृथ्वीवर मोकळ्या हवेत २०० कुठेच नाही. सगळ्या डब्या उतरवून पुन्हा गच्चीत नेल्या, आमच्या खर्चाने.

काही डब्यांना आपली सुई आपणच लावायची सवय असते. आठवड्यातला सगळ्यात कमी आकडा म्हणजे मोकळी हवा, असं त्या धरून चालतात. रात्री रिकाम्या होणाऱ्या ऑफिसात ते बऱ्यापैकी जमतं. पण जिथे चोवीस तास माणसं बसतात, त्या खोलीला मोकळी हवा कधी लागतच नाही. मग डबी हळूहळू कोंदट हवेलाच मोकळी मानू लागते. माणसाचंही होतं तसं. दुसऱ्या मजल्यावर सिक्युरिटीची कंट्रोल रूम अशीच आहे. तिथल्या डबीची ही सवय बंद करून टाकली.

९.२०

रिसेप्शनमध्ये पहिली डबी लावली आणि लगेच लाल दिवा. धूळ, म्हणजे पीएम २.५, अचानक १८० च्या वर. आपल्याकडे चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. पावसाळ्यात, तेही काचेच्या आत, १८० कुठून येणार? मान वळवली तर काउंटरमागे गणपतीचा छोटा देव्हारा आणि दोन उदबत्त्या नुकत्या लावलेल्या. ही डबी धूळ तोलत नाही. आत एक बारीक लेझर आहे, कणांवरून उजेड किती विखुरतो त्यावरून ती अंदाज बांधते. उदबत्तीचा धूर, भज्यांच्या तेलाचा धूर, हायवेची धूळ, तिला सगळे सारखेच. पावसाळ्यात कण पाणी पिऊन फुगतात, मग आकडा आणखी चढतो.

रिसेप्शनच्या ताई म्हणाल्या, "बंद करू का?" म्हटलं, तुमची पूजा बंद करणारा मी कोण? डबी दहा फूट सरकवली आणि वहीत लिहिलं: रोज ९.१५ ते ९.४५, उदबत्ती. ही ओळ लिहिली नसती, तर सहा महिन्यांनी कुणीतरी तक्त्यावर रोजचं शिखर पाहून एअर फिल्टरवर खर्च केला असता.

१०.००

मदतनीस आला, गुडघ्यापर्यंत भिजलेला. शिडी त्याच्याकडे गेली आणि ॲडमिनच्या मॅडम माझ्याकडे आल्या.

कामातला सगळ्यात अवघड भाग हाच. डबी स्क्रूने चार मिनिटांत बसते. ती कुठे बसवायची, हे ठरवायला अर्धा तास लागतो. बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर. एसीच्या जाळीखाली नको, प्रिंटरवर नको, उन्हाच्या खिडकीशी नको, बाहेरच्या भिंतीवर नको, दारामागे नको. आणि कुणाच्या तोंडासमोर तर नकोच, कारण हातभर अंतरावर माणूस बोलत राहिला तर ती खोलीची हवा सोडून त्याचा श्वास मोजत बसते.

"दिसायला बरं नाही वाटत," मॅडम म्हणाल्या. "फॉल्स सीलिंगमध्ये टाका ना. आणि मजल्याला सहा कशाला? एक पुरे."

माझ्याकडे याचं उत्तर तयार असतं, मुंबईतल्या माणसाला ते लगेच पटतं. २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला, कुलाब्याच्या वेधशाळेने ७३. शहर एक, दिवस एक, दोन्ही उपकरणं बरोबर. मुंबईत तेव्हा एकच वेधशाळा असती, आणि ती कुलाब्याला असती, तर सरकारी कागदावर तो दिवस बऱ्यापैकी पावसाचा एवढाच राहिला असता. दहिसर नदीकाठच्या लोकांनी त्या दिवशी काय पाहिलं, हे मॅडमना सांगावं लागलं नाही. त्या इथल्याच आहेत. त्यांनी सहाला मान हलवली.

सीलिंगचा मुद्दा राहिला. त्यासाठी कुलाब्याचीच दुसरी गोष्ट सांगितली. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी व्हायच्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर न्यायचं ठरलं, आणि वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या लक्षात आलं की ट्रामची वीज आपल्या सुया नाचवणार. ट्राम थांबवणं शक्य नव्हतं. त्यांनी उपकरणं हलवली, खाडीपलीकडे अलिबागला. १९०४ मध्ये तिथे नवी वेधशाळा उभी राहिली. पोरबंदरी दगड निवडून घेतला, लोखंड टाळून तांबं-पितळ वापरलं, कारण खिळासुद्धा आकडा बिघडवतो. पुढची दोन वर्षं, १९०६ पर्यंत, कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांशी नव्यांचा सांधा जुळावा. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. अलिबागची वेधशाळा अजून चालू आहे. मुंबईतली ट्राम १९६४ मध्ये बंद झाली.

"तर सीलिंगमध्ये डबी टाकली, मॅडम, तर ती सीलिंगमधली हवा मोजेल. तिथे कुणी बसत नाही."

"भिंतीचा रंग खराब झाला तर?"

"मी देईन."

डब्या भिंतींवर गेल्या. फक्त चौथ्या मजल्यावर साहेबांच्या केबिनमध्ये तडजोड केली, फोटोफ्रेमच्या बाजूला, फ्रेमच्याच रंगाची पट्टी लावून.

१२.१०

आता गेटवे. एकतीस डब्यांचं बोलणं ऐकणारा हा एक मोठा डबा, इंटरनेटला जोडलेला. डब्या वाय-फायवर नाहीत. वाय-फायला बॅटरी फार लागते आणि ऑफिसात त्याची आधीच गर्दी असते. या बोलतात ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, लोरा पद्धतीने. आपल्याकडे त्या पट्ट्यात कमी ताकदीच्या उपकरणांना परवाना लागत नाही. भारतासाठी मूळ चॅनल तीनच ठरलेत, एकतीस डब्यांना ते भरपूर झाले.

आयटी खात्याने गेटवेसाठी जागा दिली होती, इलेक्ट्रिकल रूममधलं पत्र्याचं कपाट. कुलूप आहे, सुरक्षित आहे, नीटनेटकं आहे. मदतनिसाने गेटवे आत ठेवला, दार लावलं, आणि पाचही मजले गप्प झाले. सकाळचा स्टीलचा डबा आठवा. दार उघडलं की बोलायला लागतात, लावलं की गप्प. त्याने तीनदा उघडझाप करून पाहिलं, खेळ मिळाल्यासारखा.

शेवटी तिसऱ्या मजल्यावर जिन्याजवळच्या उघड्या भिंतीवर लावला. लिफ्टच्या शाफ्टपासून दूर, कारण शाफ्टची काँक्रीटची जाड भिंत आणि आतली लोखंडी लिफ्ट मिळून इमारतीचे दोन भाग करतात. तळमजल्याच्या टोकाची एक डबी तरीही धडपडत होती. अशा वेळी ती काय करते हे मला आवडतं. लांबच्या माणसाला हाक मारताना आपण शब्द ताणतो ना, तसा ती निरोप ताणते. जवळची डबी तेवढाच निरोप सेकंदाच्या विसाव्या भागात सांगते, ही सव्वा सेकंद लावते. निरोप पोचतो, पण त्यापायी बॅटरी पंचवीसपट खर्ची पडते. बाकीच्यांची बॅटरी काही वर्षं चालेल, हिची कदाचित पहिलीच दिवाळी शेवटची. तिला दाराच्या चौकटीपलीकडे दोन फूट सरकवलं, आणि ताणणं थांबलं. एका खांबाची सावली होती, बस.

बॅटरीवरून एक सूचना, कारण हे प्रत्येक ठिकाणी घडतं. ही बॅटरी दिसते भिंतीवरच्या घड्याळाच्या सेलसारखी, पण ती दीड व्होल्टची नाही, ३.६ व्होल्टची आहे. सेल संपला म्हणून कुणी डबीतला काढून घड्याळात घालतं. मग डबीही जाते आणि घड्याळही जातं.

१.२०

डबा उघडला. भाजी-पोळी, लोणचं, आणि सकाळच्या मिठाच्या वाटीवरून घरात झालेल्या बोलण्याची आठवण. एसी ऑपरेटर समोर येऊन बसले. पन्नाशीचे, शांत, हातावर ग्रीसचे डाग. सकाळपासून ते मला टाळत होते. त्यांना वाटत होतं की या डब्या त्यांच्यावर नजर ठेवायला लावल्या आहेत. अर्ध्या पोळीनंतर मोकळे झाले.

"तिसऱ्याला सीओटू किती आला?"

"सकाळी अकराला ११००. आता बघू."

"चढणारच. फ्रेश एअरचा डॅम्पर जूनपासून बंद आहे. मीच केलाय." घास गिळून म्हणाले, "बाहेरची हवा आत घेतली की सगळी ओल आत. कॉइलवर पाणी, डक्टला घाम, टाइल्सवर डाग. वरून वीजबिल. मला कुणी सीओटूबद्दल विचारत नाही, डागाबद्दल विचारतात. तुम्ही माझ्या जागी काय केलं असतं?"

डॅम्पर, म्हणजे बाहेरच्या हवेची ती झडप, बंदच केला असता, हे मी त्यांना सांगितलं. या धंद्यातला अर्धा घोळ असाच असतो. कुणीही चुकीचं वागलेलं नसतं, ज्याला ज्याची शिक्षा होते तो तेवढंच सांभाळतो. छतावरचा डाग सगळ्यांना दिसतो, सीओटूला ना रंग ना वास, त्यामुळे त्याच्यासाठी कुणाला मेमो मिळत नाही.

२.३०

तिसऱ्या मजल्याची मीटिंग रूम. बारा बाय पंधरा फूट, उंची नऊ. आत दहा माणसं, दार बंद, पडदा खाली, पडद्यावर विक्रीचे आकडे. बाहेर लॅपटॉपवर माझे आकडे: ९८०, १३९०, १७६०, २१२०. दर दहा मिनिटांनी एक पायरी वर.

हिशोब सोपा आहे. खोलीत सुमारे ४६ घनमीटर हवा. बसून काम करणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर सीओटू सोडतो, दहा जणांचे १८० लिटर. हवा अजिबात बदलली नाही तर अर्ध्या तासात आकडा जवळजवळ २००० ने चढतो. इथे फटींतून थोडी हवा येते-जाते, म्हणून चढ त्याहून मंद. २१२० विषारी नव्हे. कारखान्यांत आठ तासांसाठी ५००० पर्यंत मुभा असते. पण खोलीतला सीओटू म्हणजे इतरांच्या श्वासाची मोजदाद. दुसऱ्याने सोडलेली हवा आपण किती घेतोय, ते तो सांगतो. १८५८ मध्ये म्युनिकच्या माक्स फोन पेटेनकोफरने खोलीसाठी १००० ची रेघ आखली, तीही याच विचाराने. दीडशेहून जास्त वर्षांत उपकरणं बदलली, रेघ जवळपास तिथेच आहे.

दार उघडलं, दहाजण बाहेर आले. एकजण म्हणाला, "जेवण जड झालं यार." मी काही बोललो नाही.

३.४०

तिसऱ्याच मजल्यावर एक ताई शाल पांघरून बसल्या होत्या. बाहेर जुलै, आत शाल. त्यांच्या शेजारची डबी: २१.२ अंश. भिंतीवरचा थर्मोस्टॅट: २६.८. एकाच मजल्यावर साडेपाच अंशांचा फरक.

थर्मोस्टॅट ज्या भिंतीवर, तिच्यावर हात ठेवला. कोमट. मागे गेलो तर पँट्री. भिंतीला पाठ लावून चहाचं मशीन आणि पाणी तापवायचा बॉयलर, दिवसभर चालू. म्हणजे थर्मोस्टॅट बिचारा पँट्रीची भिंत मोजत होता आणि "फार गरम होतंय" म्हणून एसीला दामटत होता. सगळा मजला चहाच्या मशीनसाठी थंड केला जात होता. आपल्याकडे १ जानेवारी २०२० पासून नव्या रूम एसींचं मूळ तापमान २४ अंशांवर ठेवून पाठवणं बंधनकारक आहे. पण मोजणारा कान चुकीच्या भिंतीला लावला, तर २४ चा काय उपयोग?

त्या ताईंना विचारलं, तक्रार नाही केली? "केली ना. म्हणाले, मॅडम तुम्हालाच थंडी वाजते." यावरही अभ्यास झालाय. ऑफिसातल्या तापमानाचे ठोकताळे १९६० च्या दशकातल्या मोजणीवर उभे आहेत आणि त्यात शरीराची उष्णता धरलीय ती ७० किलोच्या, चाळिशीच्या पुरुषाची, हे २०१५ मध्ये दोन डच संशोधकांनी दाखवून दिलं. शाल पांघरलेल्या ताईंना मी एवढंच सांगितलं की तुमचं बरोबर होतं, हा बघा आकडा. त्यांनी मोबाइलवर त्या आकड्याचा फोटो काढून घेतला.

थर्मोस्टॅट दुसऱ्या खांबावर हलवायचा, ऑपरेटर म्हणाले उद्या करतो. तासाभराचं काम, वायर तेवढी वाढवावी लागेल.

५.०५

मदतनीस धावत आला. "दादा, सतरा नंबर वेडी झाली." चौथ्या मजल्याच्या दाराशी लावलेली डबी. आर्द्रता ५८ होती, अर्ध्या तासात ८६. पाइप फुटला? एसीचं पाणी? की ही दुसरी लाल टिकलीवाली? मनात मिठाचे डबे घोळवत वर गेलो.

डबीवर रेनकोट टांगला होता. पूर्ण भिजलेला, टोपीसकट. बाहेरून फील्डवर्क करून आलेल्या माणसाला भिंतीतून बोटभर बाहेर आलेली, चांगली स्क्रूने घट्ट बसवलेली वस्तू दिसली. तिचा दुसरा काही उपयोग त्याला सुचला नाही. खाली फरशीवर थारोळं.

"साहेब, ही खुंटी नाही."

"मग खुंटी कुठाय?"

इमारतीत पाचही मजले फिरलो होतो. खुंटी कुठेही नव्हती. पाचशे माणसं रोज भिजून येतात आणि ओले रेनकोट खुर्च्यांच्या पाठीवर, फायलींच्या कपाटावर, गालिच्यावर टाकतात. कुबट वासाचं अर्धं कारण इथे टपकत होतं. ते कुठल्याही डबीने मला सांगितलं नसतं. तिच्यावर रेनकोट पडला म्हणून कळलं.

६.१५

माणसं गेली. आता माझ्या आवडीचा तास. रिकाम्या मजल्यावर श्वास सोडणारं कुणी नाही, त्यामुळे सीओटू फक्त उतरतो, आणि तो किती वेगाने उतरतो त्यावरून इमारत किती हवा बदलते ते कळतं. तिसरा मजला, पंखे चालू, डॅम्पर बंद: सव्वासहाला १४३०. बाहेर ४३०. म्हणजे १००० जादा. सव्वासातला ९३०. जादाचा अर्धा भाग जायला एक तास लागला. हिशोबाने मजल्याची हवा तासाला पाऊण वेळासुद्धा बदलत नाही.

ऑपरेटरनी डॅम्पर पूर्ण उघडला. वीस मिनिटांत ९३० चे ६८०. जादाचा अर्धा भाग एका तासाऐवजी वीस मिनिटांत. तिप्पट वेग. ते लॅपटॉपकडे पाहत राहिले. मग त्यांनीच दुसरा आकडा दाखवला: आर्द्रता ५७ वरून ६४.

"बघा. म्हणून बंद करतो."

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी ठरलं की डॅम्पर एक तृतीयांश उघडा ठेवायचा. सकाळी साडेआठला पूर्ण उघडून मजला धुऊन घ्यायचा, दुपारी मीटिंगच्या वेळी दोन तास अर्धा, आणि आर्द्रता ६५ च्या वर गेली की पुन्हा खाली. चिठ्ठी लिहून पॅनलवर चिकटवली. ती चिठ्ठी त्यांनी लिहिली, मी नाही. माझी उद्या फाडली जाईल.

८.१०

गेटवर सही. वॉचमन काकांनी विचारलं, "काय, तिसऱ्यार वास होतो मां?"

"होता, काका."

बिल रात्रीच पाठवलं. सेन्सर नग ३१, गेटवे नग १, बसवणूक, शिडीचं भाडं, आणि शेवटची ओळ: स्टीलच्या खुंट्यांची पट्टी, नग ५, प्रत्येक मजल्याला एक, दाराबाहेर, खाली पाणी धरायला ट्रे. मॅडमचं उत्तर सकाळी आलं. खुंट्या मंजूर, शिडीचं भाडं नामंजूर.